वन्संना झोप लागेपर्यंत

गादीवाल्या काकूंचं दुकान म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. रस्त्याच्या बाजूला मोठी काच, काचेमागे कापायचं रुंद टेबल, शिलाई मशीन, छताला टेकलेले फोमचे तक्ते आणि मधोमध एक रिकामा पलंग. हा पलंग विकायला नाही. तयार झालेली प्रत्येक गादी काकू त्यावर टाकतात आणि स्वतः झोपून बघतात. आधी पाठीवर, मग डाव्या कुशीवर, मग उजव्या. डोळे मिटून, भर दिवसा, अख्ख्या रस्त्यासमोर. नवखा माणूस काचेतून हे पाहतो आणि कुणाला बोलवावं की काय, या विचारात पडतो. जुनी माणसं चालता चालता फार तर एवढंच म्हणतात, "काकू कामात आहेत."

हा धंदा सासऱ्यांचा. मुलाने तो पुढे चालवावा अशी त्यांची इच्छा होती, पण मुलाला कापसाचं वावडं. कापूस नुसता समोर दिसला तरी तो शिंकायचा. शेवटी त्याने घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं, कारण घड्याळात कापूस नसतो. राहिली सून. सासऱ्यांनी तिला कापूस शिकवला, दाभण शिकवलं, आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक शिकवलं. "कसे झोपता, हे कधी विचारू नये," ते म्हणायचे. "सगळे सांगतात, मी सरळ झोपतो. सरळ झोपणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्याला बसायला सांग आणि बघ." म्हणून काकू गिऱ्हाइकाला पलंगावर बसायला सांगतात, इकडचं तिकडचं विचारतात आणि तो कुठल्या अंगावर रेलतो, उठताना कुठे हात टेकतो, तेवढं पाहून घेतात. माणसं झोपेबद्दल खोटं का बोलतात, हा तसा संशोधनाचा विषय आहे. पण काकूंना सवड नसल्यामुळे तो तसाच राहिला आहे.

मुलं आपापल्या कामाला लांब गेली, सासरे गेले, आणि काकूंना आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खी खोली मिळाली. कुठली सुई कुठे ठेवायची, हे ठरवायला दुसरं कुणी नाही. दोऱ्याच्या रिळांचा ढीग, फोमच्या तुकड्यांची पोती, खडूची धूळ. पाहणाऱ्याला तो पसारा वाटे. काकूंना तो पाठ होता. डोळे मिटून हात घातला तरी हवं ते हाताला लागायचं.

आणि मग वन्सं आल्या.

वन्सं म्हणजे काकांच्या मोठ्या बहीण. त्यांच्या यजमानांना घरात सगळेच भावोजी म्हणतात. भावोजींनी उभं आयुष्य विमा कंपनीत काढलं. लोकांनी शिडीवर चढू नये, ओल्या हाताने बटण दाबू नये, हे सांगून सांगून त्यांचा घसा बसला. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी शिडाची बोट घेतली. घर भाड्याने दिलं आणि जाहीर केलं, की आता आपण दोघं पाण्यावर राहायचं. किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, मन रमेल तिथे थांबायचं. वन्संनीही मान डोलावली. मधल्या काळात त्यांच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं असं डॉक्टर म्हणत. खुब्याचं मत वेगळं होतं.

बोटीची डागडुजी सुरू होण्याआधी वन्सं एकदा तिच्यावर आडव्या होऊन आल्या. जुनी उशीवजा गादी, खाली फळी. घटकाभरात उठल्या, कपडे झटकले आणि म्हणाल्या, "तुम्ही जा हो फिरायला. त्या फळीवर मला झोप यायची नाही. मी आपली भावाकडे राहीन. त्यांच्याकडे ती पुढची खोली नुसती पडलेलीच आहे."

ही बातमी काकूंना समजली तेव्हा त्या टाके घालत होत्या. टाका चुकला नाही, पण दोरा तुटला.

बोटीला रंग लागेपर्यंत म्हणून वन्सं राहायला आल्या आणि त्यांची पथारी अर्थातच पुढच्या खोलीत पडली. वन्सं वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर सोपं झालं असतं. त्या उपयोगी होत्या. पहिल्याच सकाळी त्यांनी सगळी रिळं रंगाप्रमाणे लावली. मग सुया लांबीप्रमाणे. मग फोमचे तुकडे फडक्याने पुसून, एकाच आकाराचे करण्यासाठी कडेने कातरून, पोत्यांत भरले. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला त्या खुर्ची देत, पाणी देत आणि सल्लाही देत. एका नवविवाहित जोडप्याला त्यांनी सांगितलं, "एवढी मऊ घेऊ नका. पुढे पश्चात्ताप होतो." जोडपं विचार करायला म्हणून गेलं. ते अजून विचार करत असावं.

शिवाय दुपारचं काचेमागचं झोपणं बंद झालं. "अगं, रस्त्यावरून माणसं जातात," वन्संनी फक्त एवढंच म्हटलं, आणि काचेला पडदा लागला.

काका त्या दिवसांत घरी उशिरा येऊ लागले. गावातली घड्याळं अचानक फार बिघडायला लागली आहेत, असं ते सांगत.

"अहो, तुमची बहीण आहे," काकू एकदा दबक्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही बोला काहीतरी."

"ती मला अजून 'नाक पूस' म्हणते," काका म्हणाले. "मी काय बोलू?"

तेव्हा काकूंनी ठरवलं, की बोलण्यापेक्षा गादी करावी. बोटीतल्या त्या फळीवर वन्संना झोप लागली तर वन्सं जातील. नाही लागली तर राहतील. आणि वन्संचं राहणं म्हणजे पाहुण्याचं राहणं नव्हे, ते कायमचं. काकू ज्या दिवशी हे बोलल्या, त्या दिवशी भावोजी इतके खूश झाले की त्यांनी वहिनींचा हात हातात घेऊन तो बराच वेळ हलवला. त्यांनी एकट्याने शीड उभारण्याची तयारी केली होती, पण एकट्याने स्वतःशी भांडण्याची केली नव्हती.

वन्संना विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "एक दुपार झोपून बघते," त्या म्हणाल्या. "डोळा लागला तर येते. नाही तर विषय बंद. पुन्हा बोट म्हणून नाव काढायचं नाही."

माप घ्यायला काकू धक्क्यावर गेल्या. बोट अजून जमिनीवर, लाकडी टेकूंवर उभी होती. शिडी चढून वर, मग एका चौकोनी भोकातून पाय सोडून आत. भावोजी मागून सूचना देत होते. "वहिनी, डोकं सांभाळा," ते म्हणाले. तोवर डोकं आपटून झालं होतं.

आत काकूंनी आधी बराच वेळ नुसतं पाहिलं. जन्मभर त्यांनी चार कोपऱ्यांच्या गाद्या केल्या. इथे कोपरा म्हणून नव्हता. बर्थची एक कड सरळ, दुसरी बोटीच्या भिंतीबरोबर पोट काढून पुढे जात निमुळती झालेली. भिंत वर जाताना बाहेर झुकलेली, म्हणजे गादीचा तळ अरुंद आणि माथा रुंद हवा. फूटपट्टी लावायची तर लावायची कुठे?

"या बोटीत सरळ काय आहे?" काकूंनी विचारलं.

भावोजींनी प्रामाणिकपणे इकडेतिकडे पाहिलं. "पाणी," ते म्हणाले. "तेही बोट त्यात उतरवल्यावर."

काकूंनी पिशवीतून कोरं मांजरपाट काढलं. ते फळीवर अंथरलं, कडा तळहाताने दाबून भिंतीलगत बसवल्या आणि काळ्या न पुसणाऱ्या पेनाने सगळी कड आखून घेतली. भिंतीचा उतार पुठ्ठा दुमडून घेतला. फळीला हवेसाठी भोकं आहेत की नाहीत, तेही चाचपून पाहिलं. नव्हती. "ही पाडून घ्या," त्या म्हणाल्या. "नाही तर खालून घाम सुटेल आणि गादीला बुरशी येईल. मी खाली जाळीही देते." कापसाचा विचार त्यांनी धक्क्यावरच सोडून दिला होता. कापूस दमट हवा पितो आणि मग सोडत नाही. सासऱ्यांच्या फोटोकडे पाहायचं टाळत त्यांनी घरी येऊन फोमचा सर्वात चांगला तक्ता बाजूला काढला. खाली घट्ट, वर थोडा मऊ, दोन्ही चिकटवलेले. असा एकच होता. दुसरा मागवला तर यायला महिना लागतो, आणि भावोजींना वारा फिरायच्या आत निघायचं होतं.

कापण्याच्या दिवशी काकूंनी पडदा सारला, आखलेल्या मांजरपाटाचा साचा टेबलावर पसरला आणि लांब दातेरी सुरीने तक्ता कापायला घेतला. कड तिरकी कापणं अवघड. सुरी एका कोनात धरून, श्वास रोखून, एका दमात जावं लागतं. वन्सं खुर्चीत बसून पाहत होत्या आणि नवलाची गोष्ट म्हणजे काही बोलत नव्हत्या. खोळ शिवून झाली. जाड, धुता येण्यासारखं कापड, लांब चेन, कडेला गोट. काकू पलंगावर टाकून झोपून बघणार होत्या, पण गादीचा आकार पलंगाला मानवेना; ती एका बाजूने बाहेर लोंबत राहिली. तेव्हा त्यांनी तो कार्यक्रम बोटीवरच करायचं ठरवलं.

बोट एव्हाना पाण्यात उतरली होती. काकू आणि भावोजींनी गादी दुमडून, ढकलून, एकदा तिच्याबद्दल अपशब्द काढून त्या भोकातून आत नेली आणि फळीवर टाकली. सरळ कड सरळ बसली. पोटाची कड बऱ्यापैकी बसली. पायाकडे मात्र फळी उघडी राहिली. अख्खा पंजा आडवा मावेल एवढी.

काकूंनी गादी वर ओढली. आता डोक्याकडे तेवढीच जागा झाली. पुन्हा खाली सारली.

"लाकूड फुगलं असेल," भावोजी म्हणाले. "पाण्यात गेल्यावर फुगतं. बोट वाढली."

"भावोजी, बोट वाढत नाही."

"तसं नाही म्हणता येणार वहिनी. विम्यात आम्ही..."

"बोट वाढत नाही," काकू म्हणाल्या आणि त्या फळीवर बसल्या. तीस वर्षांत त्यांच्या सुरीने असली चूक केली नव्हती. हात तर थरथरत नव्हता. डोळ्यांना झालं असेल काहीतरी. वय म्हणायचं, दुसरं काय. घरी येईपर्यंत त्यांनी मनातल्या मनात दुकान बंद करून टाकलं होतं.

घरी वन्सं इस्त्री करत होत्या. इस्त्रीखाली मांजरपाटाचा साचा होता. कडक, पांढराशुभ्र आणि काळी रेघ ठळक.

काकूंनी पायातलं काढलं, पाणी प्यायलं आणि मग शक्य तितक्या सहज विचारलं, "वन्सं, हे कापड तुम्ही... धुतलंत?"

"आता परत धुतलं. कापायच्या आधी धुतलं होतं तेव्हा डाग गेलेच नाहीत ना. गरम पाण्यात घातलं, भिजत ठेवलं, ब्रशने घासलं. कसलं पेन वापरतेस गं?" वन्संनी इस्त्री उभी केली. "आणि कोरं मांजरपाट आधी पाण्यातून काढून मग वापरावं, हे तुला मी सांगायचं? ते आटतं."

खरं म्हणजे हे वाक्य काकूंचंच होतं. गिऱ्हाइकांना त्या ते रोज ऐकवत. कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय त्यांनी कधी उशीचा अभ्रासुद्धा शिवला नव्हता. पण साच्याचं काय शिवायचंय, म्हणून या वेळी तसंच घेतलं होतं. आणि ते धुवायचं राहिलेलं काम वन्संनी मन लावून पूर्ण केलं होतं. लांबीला कापड चांगलंच आटलं होतं, रुंदीला जेमतेम. म्हणून गादी रुंदीला बसली आणि लांबीला दगा देऊन गेली.

एक गोष्ट मात्र झाली. काकूंच्या छातीवरचा दगड उतरला. डोळे शाबूत होते, हात शाबूत होता. आटलं होतं ते कापड.

"छान निघालं हो," त्या वन्संना म्हणाल्या.

आत जाऊन त्यांनी काकांना सगळं सांगितलं. काका घड्याळाचं एक चिमुकलं चाक चिमट्यात धरून ऐकत होते. "ताईला सांगू नकोस," ते म्हणाले.

"मी कशाला सांगतेय? कळलं तर म्हणतील, माझ्या हातूनच बिघडलं, देवाच्या मनातच नाही. आणि राहतील."

काकांच्या चिमट्यातलं चाक खाली पडलं. ते शोधायला दोघं बराच वेळ गुडघ्यांवर रांगत होते आणि काकांनी त्या अवस्थेत, पलंगाखालून, विचारलं, "मग आता?"

आता म्हणजे तुकडा जोडायचा. गादी परत दुकानात आणून काकूंनी तो आधी पायाकडे जोडून पाहिला. तो हलायचा, टाच सांध्यात जायची. डोक्याकडे जोडला तर मानेखाली खळगा. गादीवाल्याने जोडलेला तुकडा दिसू नये, हे ठीक. पण तो लागूही नये. काकू दोन दिवस गप्प होत्या. त्या गप्प असल्या की मशीनही गप्प असतं, आणि त्यामुळे त्यांना वन्संकडे पाहायला वेळ मिळाला.

इतके दिवस त्यांनी वन्संना पाहिलंच नव्हतं. नणंद म्हणून ऐकलं होतं, टाळलं होतं, पण गिऱ्हाईक म्हणून बसवून पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. वन्सं खुर्चीत बसताना आधी डावा हात टेकत, मग उजवी बाजू अलगद खाली सोडत, गरम पाण्यात पाय घालावा तशी. बसल्यावर जरा वेळाने उजव्या खुब्याखाली हात सरकवत आणि तसाच ठेवत. रिळं लावताना, बोलताना, चहा पिताना, एक हात कायम खाली. ऑपरेशन झाल्यापासून त्या आडव्या झोपतच नव्हत्या. काकूंच्या लक्षात आलं, की पुढच्या खोलीतली पथारी रोज सकाळी इतकी नीटनेटकी असते, कारण तिच्यावर कुणी झोपलेलं नसतं. वन्सं भिंतीला टेकून बसून पहाट करत होत्या आणि मग वेळ जात नाही म्हणून सुया लावत होत्या.

सांधा पायाकडेही नको आणि डोक्याकडेही नको. सांधा खुब्याखाली हवा. गादी मधोमध आडवी कापायची, दोन्ही भाग दोन टोकांना सारायचे आणि मध्ये राहील त्या जागेत अगदी मऊ फोमची पट्टी बसवायची. खुबा तिच्यात उतरेल, अंग वरच राहील.

फक्त खुबा नेमका कुठे येतो, ते माप हवं होतं.

"वन्सं, जरा उभ्या राहा," काकू टेप घेऊन म्हणाल्या. "गाऊनचं माप घेते."

"मला कशाला गाऊन?"

"बोटीवर गार असतं."

"मी बोटीवर जाणार हे कुणी ठरवलं?"

"मग इथे घाला."

वन्सं संशयाने उभ्या राहिल्या. काकूंनी डोक्यापासून खांदा घेतला, खांद्यापासून खुबा घेतला, टाचेपर्यंत घेतलं. "गाऊनला डोकं कशाला मोजतेस?" वन्संनी विचारलं. "टोपी जोडायची आहे," काकू म्हणाल्या, आणि त्यामुळे त्यांना पुढे खरोखरच टोपीचा गाऊन शिवावा लागला. तो बरा झाला होता. एखाद्या उंच, रागावलेल्या साधूला शोभला असता.

चांगली झालेली गादी मधोमध कापायची, हे काकूंनी कधी केलं नव्हतं. वन्सं डॉक्टरकडे गेल्या आहेत असं पाहून त्यांनी ती टेबलावर घेतली, खडूने रेघ मारली आणि सुरी हातात धरून उभ्या राहिल्या. कापलं आणि चुकलं तर दुसरा तक्ता नव्हता. मग विषय बंद. मग पडदा, रिळं, सल्ला, आणि काकांची घड्याळं, सगळं कायमचं. त्यांनी सुरी टेकवली आणि डोळे उघडे ठेवून गादी कापली. पट्टी बसवली, चिकटवली, रात्रभर वजन ठेवलं, खोळ उसवून परत शिवली. मग बोटीवर नेऊन अंथरली. टोकाला टोक भिडलं. काकू स्वतः तिच्यावर आडव्या झाल्या. त्यांचा खुबा वन्संच्या खुब्यापेक्षा वर येत होता, त्यामुळे त्यांना ती गादी अतिशय गैरसोयीची वाटली. हे चिन्ह चांगलं होतं.

ठरलेल्या दुपारी सगळे धक्क्यावर गेले. काकासुद्धा आले, त्या दिवशी एकही घड्याळ बिघडलं नव्हतं. भावोजींनी बोट धुऊन पुसून ठेवली होती, आणि दोऱ्या डोलकाठीवर आपटून टकटक करतात म्हणून त्यांना फडकी गुंडाळली होती. वन्सं भोकाला लावलेल्या छोट्या शिडीवरून आत उतरल्या, मागोमाग काकू. आत दोघींपुरतीच जागा होती.

वन्संनी गादीवर हात फिरवला. टोकाकडून मध्यावर आल्यावर हात थांबला. त्यांनी दाबून पाहिलं, बाजूला दाबून पाहिलं, परत मध्ये.

"इथे सांधा आहे," त्या म्हणाल्या.

"खुब्यासाठी. मऊ."

"हं." वन्सं बर्थच्या कडेला बसल्या. वर भावोजींच्या पायांचा आवाज आला आणि थांबला. "मांजरपाट आटलं होतं. होय ना?"

काकू क्षणभर खोळीचा गोट सरळ करत राहिल्या. तो सरळच होता. "थोडं."

"थोडं नाही. मी ते दोरीवर वाळत घातलं तेव्हाच मला दिसलं, आखूड झालं म्हणून. लगेच तू कापायला घेतलंस. सांगावं की नाही, सांगावं की नाही, असं करत बसले. परत धुवून ओढून इस्त्री केली, म्हटलं वाढेल. वाढतंय कसलं!" वन्संचा आवाज नेहमीचा नव्हता, त्याला बसायला जागा सापडत नव्हती. "तू काही बोलली नाहीस. का?"

काकूंना खोटं सुचलं नाही. "बोलले असते तर तुम्ही राहिला असता."

म्हटल्यावर त्यांनी जीभ चावली. पण ते निघून गेलं होतं.

वन्संनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "म्हणूनच मीही बोलले नाही. म्हटलं, कळलं तर तू गादीचा नादच सोडशील आणि मी इथेच राहीन," त्या म्हणाल्या. "मला काय हौस आहे गं, तुझ्या पोत्यांमध्ये भिंतीला टेकून बसायची? ऑपरेशन झाल्यापासून मी आडवी झोपलेली नाही. यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बोट विकून बसले असते आणि मग मला जन्मभर त्यांचं तोंड बघत बसावं लागलं असतं. भावाकडे राहते म्हटलं, तर निदान ते तरी गेले असते." त्यांनी खुब्याखाली हात घातला, आणि मग जाणवून काढून घेतला. "नीट केलीस ना?"

"झोपून बघा."

"उजवीकडे?"

"उजवीकडेच. तुमचं ते अंग जिथे येतं तिथेच केलीय."

वन्सं हळूच आडव्या झाल्या, गरम पाण्यात उतरावं तशा. उजव्या कुशीवर. दात आवळलेले, डोळे मिटलेले. काकूंनी अंगावर पांघरूण घातलं आणि वर आल्या.

वर तिघं रांगेत बसले. भावोजी पाण्याकडे पाहत होते, काका घड्याळाकडे, आणि काकू कुणाकडेच नाही. त्या ऐकत होत्या. खालून कुशी बदलल्याचा आवाज आला की संपलं. उसासा आला की संपलं. लाटेने बोट हलली, तिघांनी कठडा घट्ट धरला, जणू त्यामुळे बोट हलायची थांबणार होती. समोरच्या धक्क्यावर एका माणसाने पत्र्याचा डबा टाकला. भावोजी ताडकन उठले आणि त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याने दुसरा डबा चवड्यांवर चालत जाऊन हाताने खाली ठेवला.

"काय वाटतं?" काका पुटपुटले.

"गप्प बसा."

"मी फक्त..."

"अहो, गप्प बसा."

मग तो आला. आधी शंका वाटावी इतका बारीक, मग ठाम, मग एखाद्या जुन्या इंजिनासारखा तालात. वन्सं घोरत होत्या.

भावोजींनी चष्मा काढला आणि तो पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते. काकूंनी दोन्ही हात मांडीवर सोडले. गेले कित्येक दिवस आपले खांदे कानांना लागलेले होते, हे त्यांना खांदे खाली आल्यावर कळलं. काका मात्र पुढे वाकून मन लावून ऐकत होते, बंद पडलेलं घड्याळ चालू झाल्यावर ऐकतात तसे.

"लय बरोबर आहे," ते म्हणाले.

ऊन डोलकाठीच्या पलीकडे गेलं. गार वारा सुटला. कुणालाच उठवायचा धीर होईना. शेवटी भावोजी भोकाशी वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "अगं ए. संध्याकाळ झाली. मग? येतेस ना बोटीवर?"

घोरणं थांबलं. मग खालून, डोळे न उघडता बोललेला आवाज आला. "मी आहे कुठे आत्ता? जरा वेळ झोपू द्या की माणसाला."

"म्हणजे येणार?"

"मी आता उठून त्या शिडीवर चढायची नाही. आज इथेच झोपते. माझं सामान तेवढं पाठवून द्या."

वर बसलेली तीन मोठी, समजूतदार माणसं एकमेकांकडे पाहीनात. पाहिलं असतं तर सगळं बिघडलं असतं. काकांनी घसा साफ केला आणि आयुष्यातला सर्वात नम्र आवाज काढला.

"ताई, सगळंच पाठवू का?"

"सगळंच म्हणजे? हाकलतोयस का रे मला?"

"नाही, नाही. मी आपलं विचारलं."

खाली कुशी बदलल्याचा आवाज आला. फळी करकरली. मग एक लांब, सुखाचा सुस्कारा.

"सगळंच पाठव," वन्सं म्हणाल्या. "आणि नाक पूस."

काकू समोरच्या दोरीच्या गाठीकडे अशा एकाग्रतेने पाहू लागल्या, जणू जन्मात पहिल्यांदाच गाठ पाहत असाव्यात. खांदे मात्र हलत होते.